कुठलं तेल कुठे

पुढच्या चाकांवर ओढली जाणारी कोणतीही छोटी गाडी सपाट जागेवर उचलून लोखंडी घोड्यांवर नीट टेकवा आणि खाली आडवं होऊन वर पाहा. इंजिन आणि गिअरबॉक्स शेजारीशेजारी, एकमेकांना बोल्टांनी जखडलेले दिसतात. दोघांच्या बुडाशी एकेक ड्रेन बोल्ट असतो. दोन्हींवर धुळीचा आणि मळीचा सारखाच थर बसलेला असतो आणि दोन्हींतून बाहेर येतं ते तेलच. घरी तेल बदलायला बसलेल्या नवख्या माणसाची सगळ्यांत महागडी चूक या दोन बोल्टांपाशी होते. इंजिनचा समजून तो गिअरबॉक्सचा बोल्ट काढतो, आतलं तेल वाहून जाऊ देतो, बोल्ट पुन्हा घट्ट करतो आणि बोनेट उघडून इंजिनात तीन लिटर नवं तेल ओततो. आता गिअरबॉक्स कोरडा असतो आणि इंजिनात जवळजवळ दुप्पट तेल असतं. गाडी सुरू होते, काही अंतर चालतेसुद्धा. मग आधी गिअरबॉक्स ओरडू लागतो.

या माणसाच्या हातांत काही कमी नव्हतं. पाना बरोबर बसला होता, बोल्टचे आटे शाबूत होते, एक थेंबही सांडला नव्हता. कुठलं तेल कुठे असतं, ते तिथे काय करतं आणि दुसऱ्याच्या जागी का चालत नाही, एवढंच त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पाना धरायला माणूस तासाभरात शिकतो. तेलाची समज मात्र आपल्याकडे ऐकीव गोष्टींवर चालत आली आहे, आणि ऐकीव गोष्टींत निम्म्या जुन्या गाड्यांच्या आहेत. म्हणून या पुस्तकात पान्यांची प्रकरणं नंतर येतात आणि तेलाची आधी.

तेल घर्षण कमी करतं, हे शाळेतलं वाक्य खरंच आहे, पण ते कसं करतं हे त्या वाक्यातून कळत नाही. १८८३ च्या सुमाराला इंग्लंडमध्ये बीचम टॉवर या अभियंत्याने तिथल्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेसाठी रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग केले. आस खालून तेलात बुडून फिरत होता आणि बेअरिंग त्याच्या माथ्यावर बसवलेलं होतं. वरून तेल सोडण्यासाठी टॉवरने बेअरिंगला भोक पाडलं, तर तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊ लागलं. त्याने बूच मारलं, ते बाहेर आलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही ढकलली गेली. शेवटी तिथे दाबमापक लावला, तेव्हा तेलाचा दाब बेअरिंगवरच्या सरासरी भाराहून कितीतरी जास्त निघाला. फिरणारा आस स्वतःच तेलाला अरुंद फटीत ओढून नेत होता आणि त्या तेलाच्या दाबावर सगळं वजन उचललं जात होतं. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सने या प्रकाराचं गणित मांडलं. आजच्या प्रत्येक इंजिनचा क्रँकशाफ्ट त्याच गणितावर फिरतो. मुसळधार पावसात भरधाव गाडीचं चाक रस्ता सोडून पाण्याच्या थरावर तरंगतं, तसाच क्रँकशाफ्ट काही मायक्रॉन जाडीच्या तेलावर तरंगत असतो. इंजिन वेगात असताना तिथे धातूला धातू लागतच नाही.

लागतो तो सुरू होताना. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत तेल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. चावी फिरवल्यावर पंप ते वर चढवेपर्यंतचे पहिले क्षण बेअरिंग, कॅम आणि पिस्टनच्या रिंगा उरल्यासुरल्या थरावर काढतात. तेल जितकं पातळ, तितकं ते लवकर पोचतं. डब्यावरच्या आकड्यांचा अर्थ इथे कळतो. ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू हिवाळ्याचा, म्हणजे पहिला आकडा थंडीत तेल किती सहज वाहतं ते सांगतो आणि दुसरा आकडा इंजिन तापल्यावर, १०० अंश सेल्सिअसला, त्याचा दाटपणा किती उरतो ते सांगतो.

‘आपल्याकडे उन्हाळा कडक, तेव्हा तेल जाडच हवं’ हे वाक्य मी महाराष्ट्रातल्या कितीतरी दुकानांत आणि गॅरेजांत ऐकलं आहे. ते कळकळीने सांगितलं जातं आणि चुकीचं आहे. सर्वसाधारण ५डब्ल्यू-३० तेलाची श्यानता ४० अंशांना साठ सेंटिस्टोकच्या आसपास असते आणि १०० अंशांना दहा-अकरा. याचा अर्थ असा, की नागपुरात मे महिन्याच्या दुपारी सावलीत उभ्या गाडीतलं तेलसुद्धा चालत्या इंजिनातल्या तेलापेक्षा जवळपास पाचपट दाट असतं. इंजिनच्या दृष्टीने आपली प्रत्येक सकाळ थंडच असते. बाहेरचा उन्हाळा कितीही चढला तरी तापलेल्या इंजिनचं तापमान थर्मोस्टॅट आणि रेडिएटर ठरवतात. २०डब्ल्यू-५० हे तेल एका काळी योग्य होतं, कारण त्या काळच्या इंजिनांतल्या फटीच मोठ्या होत्या. आजच्या पेट्रोल इंजिनात कॅमची वेळ बदलणारी यंत्रणा तेलाच्याच दाबावर चालते आणि तिच्या वाटा अतिशय बारीक असतात. ज्या इंजिनसाठी कंपनीने ०डब्ल्यू-२० लिहिलं आहे, त्यात गावच्या सवयीने २०डब्ल्यू-५० घालणं म्हणजे त्याच वाटा अडवणं. उलट, जुन्या, झिजलेल्या इंजिनात आजचं अतिपातळ तेल घातलं तर दाब टिकत नाही. आकडा आपल्या गाडीचा असतो, हवामानाचा नंतर.

दाटपणाइतकाच महत्त्वाचा असतो दर्जा, आणि आपल्याकडे तो कोणी वाचत नाही. पेट्रोल इंजिनांसाठी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची अक्षरं असतात: २००४ मध्ये एसएम, २०१० मध्ये एसएन, २०२० मध्ये एसपी. हे नुसते नवे शिक्के नाहीत. लहान टर्बो पेट्रोल इंजिनांत कमी वेगाला, जोर पडताना, ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो. त्यातून पिस्टन फुटतात. एसपी दर्जाच्या तेलात हा धोका आणि टायमिंग चेनची झीज या दोन्हींचा विचार केलेला आहे. डिझेलची गोष्ट आणखी कडक आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ आलं, आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी बसली. काजळी त्या जाळीत जाळून टाकता येते, पण तेलातल्या धातूंची राख जळत नाही, ती तिथेच साठत राहते. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचं तेल लागतं. शेजारच्या ट्रकवाल्याकडचं उत्तम डिझेल तेल या गाडीत घातलं, तर इंजिन बिघडणार नाही, जाळी मात्र वेळेआधी तुंबेल. बदलायला ती अतिशय महाग असते.

तेल काळं पडलं म्हणून ते खराब झालं, हा असाच दुसरा समज. तेलात काजळी धरून ठेवणारी रसायनं मुद्दाम मिसळलेली असतात. डिझेल इंजिनातलं नवं तेल थोड्याच अंतरात काळं होतं, आणि ते काळं होणं म्हणजे तेल आपलं काम करतंय. खरी खराबी डोळ्यांना दिसत नाही: आम्ल मारणारे क्षार संपत येतात, झीज रोखणारं जस्त-फॉस्फरसचं संयुग खर्च होतं, दाटपणा टिकवणाऱ्या लांब साखळ्या दाबाखाली तुटतात. हे अंतरापेक्षाही वापरावर ठरतं. पुण्यात रोज चार किलोमीटर ऑफिसला जाणारी आणि तिथून परत येणारी गाडी वर्षभरात फार धावत नाही, पण तिचं तेल कधी पुरतं तापतच नाही. ज्वलनातून आलेलं पाणी आणि थोडं पेट्रोल त्यात साठत जातं. पावसाळ्यात अशा गाडीच्या तेलाच्या झाकणाखाली दुधाळ, चिकट साय दिसते. मालक म्हणतो, ‘गाडी फिरलीच कुठे?’ म्हणूनच मालकपुस्तिकेत अंतराबरोबर महिनेही लिहिलेले असतात, आणि ‘खडतर वापर’ म्हणून वेगळा, छोटा कालावधी दिलेला असतो. धूळ, थांबत-थांबत चालणारी रहदारी, छोटे फेरे, ओझं, घाट: त्या यादीतलं काहीही आपल्याला लागू नाही, असं म्हणणारा गाडीमालक महाराष्ट्रात विरळा.

डिपस्टिकवर तेलाची पातळी कमी दिसली की माणूस घाबरतो, वाढलेली दिसली की निश्चिंत होतो. नव्या डिझेल गाड्यांत हे उलटं समजायला हवं. काजळीची जाळी साफ करताना जादा डिझेल फवारलं जातं आणि छोट्या फेऱ्यांत त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरतं. पातळी चढते, तेल पातळ होतं. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल, तर ते तेल लगेच बदलायचं. स्वतःच्या हाताने थोडं जास्तच तेल ओतणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे: वरच्या खुणेपलीकडे गेलेलं तेल फिरत्या क्रँकने घुसळलं जातं, त्याला फेस येतो, आणि फेसावर क्रँकशाफ्ट तरंगत नाही.

एकेकाळी आपल्याकडे गाडीच्या मालकाने बाह्या सरसावून बोनेटखाली डोकं घालणं ही साधी गोष्ट होती. कुर्ल्याला बनणारी पद्मिनी किंवा अॅम्बॅसडर ज्याच्या दारात होती त्याला प्लग साफ करणं, पॉइंट घासणं, ऑइलिंग-ग्रीसिंग कधी झालं याची आठवण ठेवणं भागच होतं. त्या गाड्या मागच्या चाकांवर चालत, त्यामुळे इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या आसावरचं डिफरन्शियल अशा तीन जागा वेगवेगळ्या दिसत, तीन तेलं वेगळी असतात हे नजरेलाच कळे. १४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० रस्त्यावर आली आणि चित्र पालटलं. गाडी बिनतक्रार चालू लागली. इंजिन आडवं झालं, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच खोक्यात येऊन त्याच्या कुशीत बसले. पुढे कार्ब्युरेटर जाऊन इंधन फवारणारी संगणकी यंत्रणा आली, आणि लोकांची खात्री पटली, की आता यात आपल्याला हात घालण्याजोगं काही राहिलं नाही. बाकीच्या पुष्कळ गोष्टींबाबत ते बरोबरही आहे. तेलाबाबत मात्र काहीच बदललं नाही. बोल्ट काढा, तेल सोडा, फिल्टर बदला, नवा वॉशर घालून बोल्ट लावा, मापाने तेल भरा. १९८३ च्या गाडीत हे जसं होतं, तसंच ते आजच्या बहुतेक गाड्यांत आहे. गाडीतलं सगळ्यांत महत्त्वाचं नियमित काम सगळ्यांत सोपं राहिलं आहे, आणि तेच आपण सोडून दिलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता शेजारच्या खोक्याकडे. गिअरबॉक्समध्ये तेलाला वेगळंच काम आहे. तिथे पेट्रोल जळत नाही, काजळी नाही, पाणी फारसं नाही, त्यामुळे तेल वर्षानुवर्षं टिकतं. पण गिअरचे दात एकमेकांवर प्रचंड दाबाने घासतात, आणि तो दाब तेलाचा थर पिळून काढतो. म्हणून गिअर ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घालतात. दाब आणि उष्णता वाढली की ती धातूशी संयोग पावून पृष्ठभागावर त्याग करण्याजोगा पातळ थर तयार करतात. डबा उघडला की येणारा तो उग्र वास याच गंधकाचा. डब्यावर ७५डब्ल्यू-९० असे मोठे आकडे पाहून ते इंजिन तेलाच्या दुप्पट दाट असेल असं वाटतं, पण गिअर तेलाची मोजपट्टीच वेगळी आहे. ७५डब्ल्यू-९० साधारण ४० किंवा ५० नंबरच्या इंजिन तेलाइतकंच दाट असतं.

इथे एक गुंता आहे, आणि हातानं काम करणाऱ्यांतले पुष्कळ जण त्यात अडकतात. गिअर तेलाचे दोन दर्जे बाजारात सहज मिळतात, जीएल-४ आणि जीएल-५. पाच हा आकडा चारपेक्षा मोठा, म्हणून ते तेल अधिक चांगलं, असं दुकानदारही सांगतो. जीएल-५ बनवलं आहे ते मागच्या आसावरच्या हायपॉइड गिअरसाठी, जिथे दात एकमेकांवर आडवे सरकतात आणि तेलाची परीक्षा सगळ्यांत कठीण असते. बोलेरोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीच्या डिफरन्शियलला तेच लागतं. आपल्या साध्या, पाच गिअरच्या गाडीत मात्र पितळी सिंक्रो रिंगा असतात. गिअर बदलताना या रिंगा गिअरच्या शंकूला घासून गिअर आणि शाफ्ट दोन्हींचा वेग क्षणभरात सारखा करतात. म्हणजे तिथे थोडं घर्षण हवंच असतं. फार निसरडं तेल रिंगेची पकड घालवतं, गिअर टाकताना करकर येते. जुन्या पद्धतीच्या जीएल-५ मधलं जहाल गंधक तर पितळच खातं. काही गाड्यांना कंपनीने जीएल-५ किंवा दोन्हींना चालणारं तेल सांगितलेलं असतं, तिथे तेच घालावं. पुस्तिकेत जीएल-४ लिहिलं असेल, तर जीएल-४ च.

(दुचाकीवाल्यांसाठी इथेच थोडं. आपल्या बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअर या तिघांना एकच तेल पुरतं, आणि क्लच त्या तेलात बुडालेला असतो. म्हणून तिथे जासो एमए हा शिक्का पाहायचा. इंधन वाचवणारं, घर्षण आणखी घटवणारं कारचं तेल घातलं तर क्लच घसरतो. गाडीतही हा एकत्र प्रपंच होऊन गेला आहे: १९५९ च्या ब्रिटिश मिनीत गिअरबॉक्स चेंबरमध्येच होता आणि दोघांना एकच तेल होतं.)

ऑटोमॅटिक गाड्यांविषयी मी या पुस्तकात सावध आहे, आणि त्याचं कारण सांगायला हवं. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये १९४० च्या ओल्ड्समोबिलसाठी हायड्रा-मॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला, तेव्हापासून तिथलं तेल वंगणापेक्षा जास्त काहीतरी आहे. ते दाब पोचवतं, उष्णता वाहतं, शिवाय त्यात बुडालेले क्लच किती झटकन आणि किती मऊ पकडतील हेही तेच ठरवतं. कित्येक वर्षं अमेरिकेत या पकडीसाठी तेलात स्पर्म व्हेलचं तेल मिसळत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे या व्हेलला संरक्षण मिळालं आणि ते तेल बंद झालं. मग रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधताना घाम फुटला, सुरुवातीच्या पर्यायांनी गिअरबॉक्सही बिघडवले. एवढं नाजूक हे गणित आहे.

आपल्याकडे तर ‘ऑटोमॅटिक’ या एका नावाखाली चार वेगवेगळी यंत्रं विकली जातात. २०१४ पासून लोकप्रिय झालेली एएमटी म्हणजे साधा गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवतं. तिच्यात साधं गिअर ऑइल असतं, आणि बऱ्याच गाड्यांत ते यंत्र हलवणारं निराळं हायड्रॉलिक तेल असतं. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीला लालसर एटीएफ लागतं. सीव्हीटीत पोलादी पट्टा दोन पुल्यांमध्ये फिरतो आणि तो घसरू नये म्हणून त्याला खास स्वतःचंच तेल हवं. त्याचा रंग हिरवट किंवा निळसरही असू शकतो, म्हणून रंगावर विसंबून चालत नाही. दोन क्लचच्या गिअरबॉक्सचे पुन्हा कोरडे आणि ओले असे दोन प्रकार, तेलही वेगळं. त्यात पातळी पाहायची तर बहुतेक ठिकाणी डिपस्टिक नसते. इंजिन चालू ठेवून, तेल नेमक्या तापमानाला आल्यावर, भरभरून वाहणाऱ्या प्लगातून ती बघायची असते. तापमान वाचण्याचं उपकरण, गाडी चारही बाजूंनी सपाट उचलण्याची सोय आणि कंपनीने सांगितलेलं नेमकं तेल, या तीन गोष्टी ज्याच्याकडे नाहीत त्याने हे काम चांगल्या गॅरेजला द्यावं. माझं हे मत ठाम आहे.

पण ‘आयुष्यभर बदलायला नको’ या शब्दांवर मात्र विश्वास ठेवू नका. तेल गरम होतं, क्लचची भुकटी त्यात मिसळते. ज्या झेडएफ कंपनीचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जगातल्या कितीतरी महागड्या गाड्यांत आहेत, ती स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदलायला सांगते. या पुस्तकाचा तिसरा भाग एवढ्यासाठीच आहे, की गॅरेजमध्ये काय विचारायचं आणि बिलावर कुठलं तेल लिहिलेलं असावं, ते तुम्हाला कळावं.

घरी करण्याची कामं पहिल्या दोन भागांत आहेत: इंजिन तेल आणि फिल्टर, आणि हाताने बदलायच्या गिअरबॉक्सचं तेल. त्यांतल्या कृतींची उजळणी मी इथे करत नाही. पण तीन गोष्टी प्रस्तावनेतच सांगायला हव्यात, कारण प्रस्तावना वाचून थेट पाना उचलणारे लोक मला ठाऊक आहेत.

पहिली, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, क्षणभरही शिरायचं नाही. गाडीसोबत येतो तो जॅक चाक बदलण्यासाठी असतो. विटा आणि दगड आधाराला चालत नाहीत. वीट भार झेलते आणि मग एकदम फुटते. सोसायटीतले पेव्हर ब्लॉक जॅकखाली खचतात, उन्हाने मऊ पडलेल्या डांबरात घोडीचे पाय रुततात. खाली जाड फळी, मागच्या चाकांना उटी, हँडब्रेक आणि दोन्ही बाजूंना घोड्या. हे जमत नसेल तर काम करू नका.

दुसरी, गिअरबॉक्सचं तेल सोडण्यापूर्वी वरचा, भरायचा प्लग सैल करून पाहा. वर्षानुवर्षं न उघडलेला तो प्लग कधी कधी हलतच नाही. आधी तेल सोडून बसलात आणि मग हे कळलं, तर गाडी ढकलूनच न्यावी लागते. हा प्लगच पातळीची खूणही असतो: तेल त्याच्या तोंडाशी येऊन ओघळू लागलं की भरलं.

तिसरी, पान्यावर बळ लावण्याची हौस. आजकाल इंजिनचं चेंबर बहुधा ॲल्युमिनियमचं असतं आणि बोल्ट पोलादी. ‘अजून थोडा’ म्हणत ओढलेला बोल्ट आटे घेऊन बाहेर येतो. गळती थांबवण्याचं काम चिरडला जाणारा नवा वॉशर करतो, जोर नाही. टॉर्क रेंच घ्या आणि पुस्तिकेतला आकडा पाहा. फिल्टर तर हातानेच बसवायचा. त्याच्या रबरी रिंगेला नव्या तेलाचं बोट लावा, रिंग टेकली की पाऊण वळसा. त्याआधी जुनी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या, तर थोड्याच वेळात सगळं तेल रस्त्यावर येतं.

पैशांविषयी मला फारसं सांगायचं नाही. मजुरी वाचते, पण तेवढ्यासाठी कोणी गाडीखाली आडवं होऊ नये. मी माझ्या गाडीचं तेल स्वतः बदलतो ते मला आत काय गेलं हे नक्की ठाऊक असावं आणि बाहेर काय आलं हे दिसावं म्हणून. गिअरबॉक्सच्या प्लगला बहुधा चुंबक असतं. त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप असला तर ती नेहमीची झीज. बोटांना टोचणारे कण असले, तर कुठलातरी दात किंवा रिंग तुटायला लागली आहे. इंजिनचं तेल दुधाळ आलं तर हेड गॅस्केट तपासायला हवं. त्याला पेट्रोलचा वास आला तर आणखी काही. सर्व्हिस सेंटरच्या काचेआड बसलेल्या मालकाला हे कोणीच दाखवत नाही.

वॉरंटी चालू आहे तोवर कंपनीच्या अटी नीट वाचाव्यात. त्या काळात अधिकृत सर्व्हिसच्या नोंदी ठेवणं शहाणपणाचं. पण या प्रश्नावर आपल्या देशात न्यायाची लढाई झालेली आहे, हेही वाचकांना ठाऊक हवं. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांपासून अडवून ठेवल्याचा ठपका त्यांच्यावर होता. बाहेर काम करून घेतलं एवढ्याच कारणावरून वॉरंटी सरसकट रद्द करू नये, असंही त्या आदेशात होतं. पुढे अपिलं झाली. तरी आपल्या गाडीची माहिती मागणं हा आपला हक्क आहे, ही गोष्ट त्या आदेशाने ठसवली.

एका गोष्टीसाठी मात्र मी वाचकांपुढे हात जोडतो. सोडलेलं तेल, ज्याला आपल्याकडे जळकं ऑइल म्हणतात, ते कुठेही ओतू नका. खेड्यापाड्यांत ते वाळवीसाठी दाराच्या चौकटींना, कुंपणाच्या खांबांना, गोठ्याच्या वाशांना फासतात. बांधकामावर सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतात. हे सगळं चांगल्या हेतूने, काही वाया जाऊ नये म्हणून होतं, आणि तरीही थांबायला हवं. त्या तेलात झिजलेले धातू असतात, ज्वलनातून तयार झालेली कर्ककारक संयुगं असतात. ती त्वचेतून शरीरात जातात, मातीत उतरतात, विहिरीपर्यंत पोचतात. हातमोजे घालूनच काम करा. कायद्याने हे तेल घातक कचरा आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून तेल बनवणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवर ते परत गोळा करून शुद्ध करण्याची जबाबदारी आली आहे. जुनं तेल शुद्ध केलं तर त्यातून पुन्हा चांगलं मूळ तेल मिळतं. ते फुकट घालवण्याची वस्तूच नाही. नव्या तेलाच्या रिकाम्या डब्यांत ते भरा, त्यात ब्रेक ऑइल, कूलंट, पाणी काही मिसळू नका, आणि ज्या गॅरेजचा पिंप अधिकृत शुद्धीकरणवाल्याकडे जातो तिथे नेऊन द्या. असं गॅरेज शोधायला पहिल्या वेळी थोडी चौकशी करावी लागेल, ती कराच. नंतर उरलेले डबे कापून टाका, म्हणजे त्यांत कोणी भेसळीचं तेल भरून विकणार नाही.

आता पहिल्या प्रकरणाकडे वळण्याआधी डॅशबोर्डच्या कप्प्यातली मालकपुस्तिका बाहेर काढा. शेवटच्या पानांत एक तक्ता असतो. त्यातून चार गोष्टी कागदावर उतरवून घ्या: इंजिन तेलाचा आकडा आणि दर्जा, फिल्टर बदलल्यावर लागणारं त्याचं माप, गिअरबॉक्सच्या तेलाचा आकडा आणि दर्जा, आणि त्याचं माप. हे चार आकडे हातात आल्याशिवाय तेल विकत घेऊ नका, आणि पान्यालाही हात लावू नका.